चुकीच्या थकबाकीची वसुली: ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ प्रकरणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी मदत घेणाऱ्यांची तपासणी व्हावी की नाही, यावर महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेच्या पडताळणीपासून बरीच चर्चा होत आहे. अशा तपासणीला स्वतःचा खर्च असतो आणि ती चुकली तर तो खर्च कोण सोसतो, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत क्वचितच विचारला जातो. त्याचे सर्वांत तपशीलवार उत्तर ऑस्ट्रेलियाच्या एका प्रकरणात मिळते, कारण तेथे न्यायालय आणि चौकशी आयोग या दोघांनीही त्याचा हिशेब मांडला आहे. म्हणून पुढील बहुतेक प्रश्न त्या प्रकरणाविषयीचे आहेत. महाराष्ट्राविषयीचे प्रश्न शेवटी घेतले आहेत.

‘रोबोडेट’ म्हणजे नेमके काय?

ऑस्ट्रेलियात बेरोजगार, विद्यार्थी, एकटे पालक, अपंग व्यक्ती अशा अनेकांना ‘सेंटरलिंक’ या सरकारी यंत्रणेमार्फत दर पंधरवड्याला भत्ता मिळतो. पूर्वीच्या वर्षांत ज्यांनी हा भत्ता घेतला होता त्यांना तो पात्रतेपेक्षा जास्त दिला गेला असावा, असे संगणकीय जुळवणीतून ठरवून त्यांच्या नावावर थकबाकी लावायची आणि ती वसूल करायची, अशी योजना 2015 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. जुलै 2016 पासून तिचे मोठ्या प्रमाणावर स्वयंचलन झाले. सरकारने तिला कधीही हे नाव दिले नव्हते. ‘रोबोट’ आणि थकीत देणे या अर्थाचा इंग्रजी ‘डेट’ यांच्या जोडीतून लोकांनीच ते तयार केले आणि पुढे चौकशी आयोगाच्या नावातही तेच आले.

त्याआधी तपासणी होत नव्हती का?

होत होती. प्राप्तिकर खात्याकडील माहिती आणि भत्त्यांची नोंद यांची जुळवणी तेथे 1990 च्या दशकापासून चालू होती. दोन्हींत तफावत दिसली की एखादा कर्मचारी ते प्रकरण हाती घेत असे, गरज पडल्यास मालकाकडून पगाराचा तपशील मागवत असे आणि मगच निर्णय देत असे. या पद्धतीने वर्षाकाठी सुमारे 20 हजार प्रकरणे हाताळली जात. रोबोडेटच्या भरात जवळपास तेवढीच प्रकरणे एका आठवड्यात निघू लागली. प्रकरणे एवढी वाढली ती माणसाने पाहण्याची पायरी काढून टाकल्यामुळे, आणि पुढचे सारे अनर्थ त्या एका बचतीतूनच उद्भवले, असे माझे स्पष्ट मत आहे.

वार्षिक उत्पन्नाची सरासरी काढण्यात चूक ती काय?

हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

भत्त्याची पात्रता पंधरवड्यागणिक ठरते. ज्या पंधरवड्यात माणसाने जितके कमावले तितक्या प्रमाणात त्या पंधरवड्याचा भत्ता कमी होतो, आणि काहीच कमावले नसेल तर तो पूर्ण मिळतो. प्राप्तिकर खात्याकडे मात्र मालकाने कळवलेला वर्षाचा एकत्रित आकडा असतो. रोबोडेटच्या प्रणालीने हा वार्षिक आकडा सर्व पंधरवड्यांवर सारखा वाटून टाकला आणि येणारी सरासरी हेच त्या प्रत्येक पंधरवड्याचे खरे उत्पन्न मानले.

समजा, एका तरुणाने वर्षातले पहिले 13 पंधरवडे नोकरी करून प्रत्येकी 1,600 डॉलर मिळवले, नंतर त्याची नोकरी गेली आणि उरलेले 13 पंधरवडे त्याने भत्त्यावर काढले. त्याचे वर्षाचे उत्पन्न 20,800 डॉलर झाले. त्याला 26 ने भागले की दर पंधरवड्याला 800 डॉलर येतात. बेकारीच्या काळात त्याने ‘उत्पन्न शून्य’ असे प्रामाणिकपणे कळवलेले असते, पण प्रणालीच्या लेखी तो त्या काळात दरवेळी 800 डॉलर कमावत होता आणि ते लपवून भत्ता घेत होता. एक पैसाही चुकीचा न घेतलेला माणूस अशा रीतीने देणेकरी ठरतो.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजण्यासाठी ऊसतोडणीचा हंगाम डोळ्यांपुढे आणावा. बीड जिल्ह्यातले एखादे जोडपे सहा महिने कारखान्याच्या हद्दीत कोयता चालवते आणि पावसाळ्यात गावी मिळेल ते काम करते. त्यांची हंगामाची मजुरी बारा महिन्यांवर सारखी पसरली, तर आषाढात चूल कशी पेटते याची चिंता करणारे ते घर कागदावर बारमाही कमाईचे दिसेल. ज्यांचे उत्पन्न सर्वांत अनियमित, त्यांच्याच बाबतीत सरासरी सर्वांत खोटी ठरते; आणि भत्त्याची गरज पडते तीही बहुधा अशाच लोकांना. वर्षभर एकाच पगारावर असलेल्या माणसाला सरासरीने काहीच फरक पडत नाही, पण त्याला बेकारीचा भत्ता लागत नाही.

मग लोकांनी पगाराच्या स्लिपा दाखवून चूक सिद्ध का केली नाही?

काहींनी केली, आणि त्यांची थकबाकी कमी झाली किंवा पूर्ण रद्द झाली. पण पुष्कळांना ते शक्य नव्हते. मागितलेला तपशील पाच-सहा वर्षांपूर्वीचा असे. त्या काळात एखाद्याने उपाहारगृहात, गोदामात, शेतावर अशा चार-पाच ठिकाणी काम केलेले असे. त्यांतला एखादा व्यवसाय बंद पडलेला असे, एखादा मालक दाद देत नसे. त्यातही खेदाची गोष्ट अशी की, स्लिपा सहा महिने जपून ठेवाव्यात असा सल्ला खुद्द सेंटरलिंकच पूर्वी देत असे.

पुरावा मिळवण्याचा कायदेशीर अधिकार यंत्रणेकडे होता. मालकाला नोटीस पाठवून ती माहिती मागवू शकत होती आणि आधीच्या पद्धतीत तसे घडतही होते. नव्या पद्धतीत हे काम भत्ता घेणाऱ्यावर ढकलले गेले. कायद्याचा साधा दंडक असा आहे की, जो देणे आहे असे म्हणतो त्याने ते सिद्ध करायचे. येथे सरकार अंदाज मांडत होते आणि नागरिकाने तो खोडून काढायचा होता.

पत्राला उत्तर दिले नाही तर काय होत असे?

सरासरीचा आकडाच अंतिम धरला जाई, आणि उत्तर न देण्याचे सबळ कारण दाखवले नाही म्हणून अनेकांच्या थकबाकीवर 10 टक्के वसुली शुल्कही चढवले जाई. पत्रे जुन्या पत्त्यांवर जात असल्यामुळे काहींना या प्रकाराचा पहिला सुगावा खासगी वसुली कंपनीच्या फोनवरूनच लागला. सुरुवातीच्या पत्रांत या कामासाठीच्या खास मदतकक्षाचा दूरध्वनी क्रमांकही छापलेला नव्हता, हे ऑस्ट्रेलियाच्या संघीय लोकपालांच्या एप्रिल 2017 च्या अहवालात नमूद आहे. ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांचा प्राप्तिकराचा परतावा परस्पर वळता करून घेतला जाई.

ही पद्धत कायद्यात बसत नाही, हे सरकारला केव्हा कळले?

सुरू होण्याआधीच. समाजसेवा विभागाच्या स्वतःच्या कायदा अधिकाऱ्यांनी 2014 च्या अखेरीस असा अभिप्राय दिला होता की, निव्वळ सरासरीवरून थकबाकी ठरवणे सामाजिक सुरक्षा कायद्याशी सुसंगत नाही. पुढे मंत्रिमंडळापुढे प्रस्ताव गेला तेव्हा ही अडचण त्यात राहिली नाही. त्या वेळी समाजसेवा मंत्री असलेले स्कॉट मॉरिसन यांनी मंत्रिमंडळाची दिशाभूल होऊ दिली, असा निष्कर्ष पुढे आयोगाने काढला. मॉरिसन यांनी तो अमान्य केला आहे.

त्यानंतरही सावध होण्याच्या संधी आल्या. डिसेंबर 2016 मध्ये वर्तमानपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून तक्रारींचा पूर आला, तेव्हा मानवसेवा मंत्री अॅलन टज यांनी दूरचित्रवाणीवर देणेकऱ्यांना शोधून काढण्याची आणि तुरुंगाचीही भाषा केली. 2017 मध्ये अपील न्यायाधिकरणाचे ज्येष्ठ सदस्य टेरी कार्नी यांनी पाच प्रकरणांत असा निर्णय दिला की, सरासरी हा थकबाकीचा पुरावा होऊ शकत नाही. सरकारने या निर्णयांना वरच्या पायरीवर आव्हान दिले नाही. त्या पायरीवरचे निर्णय प्रसिद्ध होतात, खालचे होत नाहीत. त्यामुळे हे निर्णय त्या त्या फाइलीत राहिले आणि बाकीच्या लाखो लोकांची वसुली तशीच चालू राहिली. 2018 मध्ये बाहेरच्या विधी सल्लागारांकडून प्रतिकूल मताचा मसुदा आला. त्याला अंतिम स्वरूपच दिले गेले नाही. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते. अज्ञानातून झालेली चूक समजून घेता येते. येथे उत्तर माहीत असताना प्रश्न विचारायचे टाळले गेले.

शेवटी ही वसुली थांबली कशी?

व्हिक्टोरिया राज्याच्या विधी साहाय्य संस्थेने 2019 मध्ये दोन तरुणींच्या वतीने संघीय न्यायालयात दावे दाखल केले. पहिल्या प्रकरणात सरकारने फेरहिशेब करून थकबाकी शून्यावर आणली आणि मूळ प्रश्नावर निकाल टळला. दुसरे मेलबर्नच्या एका माजी विद्यार्थिनीचे होते. तिचा सतराशे डॉलरचा करपरतावा वळता करून घेतला गेला होता. सप्टेंबर 2019 मध्ये सॉलिसिटर-जनरलांनी सरकारलाच प्रतिकूल मत दिले, 19 नोव्हेंबरला सरासरीवरची वसुली थांबल्याचे जाहीर झाले आणि 27 नोव्हेंबर 2019 रोजी सरकारने न्यायालयात मान्य केले की, अशी थकबाकी लावण्यास कायदेशीर आधार नव्हता.

या योजनेचा सरकारी तिजोरीवर एकूण किती भार पडला?

कॅथरीन होम्स यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशन या चौकशी आयोगाने 7 जुलै 2023 रोजी सादर केलेल्या अहवालात हा हिशेब आहे, आणि तो शांतपणे वाचण्यासारखा आहे. ही योजना व तिला जोडलेले उपाय यांतून सुमारे 477 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची बचत होईल असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात पदरात पडले सुमारे 40.6 कोटी. योजना राबवण्यावर आणि नंतर ती उलगडण्यावर खर्च झाले सुमारे 97.1 कोटी. म्हणजे पैसे वाचवण्यासाठी काढलेल्या योजनेत सरकारला निव्वळ 56.5 कोटी डॉलरचा तोटा झाला.

या जोडीला वसूल केलेला पैसा परत करावा लागला तो वेगळा. मे 2020 मध्ये सरकारने 3 लाख 73 हजार लोकांना 72.1 कोटी डॉलर परत देण्याचे जाहीर केले. थकबाकी लावल्या गेलेल्या लोकांनी सरकारविरुद्ध केलेल्या सामूहिक दाव्यातील तडजोडीला मान्यता देताना जून 2021 मध्ये न्यायमूर्ती बर्नार्ड मर्फी यांनी नोंदवले की, सुमारे 4 लाख 33 हजार लोकांवर मिळून किमान 176.3 कोटी डॉलरची बेकायदा थकबाकी लावली गेली होती आणि सुमारे 3 लाख 81 हजार लोकांकडून त्यांपैकी 75.1 कोटी वसूलही झाले होते. त्या तडजोडीत 11.2 कोटी डॉलर भरपाईपोटी ठरले. आयोगाच्या अहवालातून पुढे आलेल्या पुराव्यांमुळे हा दावा पुन्हा उभा राहिला आणि सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने आणखी 47.5 कोटी डॉलर भरपाई देण्याचे मान्य केले.

या आकड्यांत काय धरलेले नाही?

जुन्या मालकांचे पत्ते शोधण्यात, बँकेची जुनी विवरणे मिळवण्यात आणि फोनवर तासन्‌तास ताटकळण्यात गेलेला लोकांचा वेळ यात नाही. आपण चोर ठरलो या भावनेने ज्यांनी घरच्यांपासूनही पत्र लपवले, त्यांचे दुःख यात नाही. आपल्या तरुण मुलांनी थकबाकीच्या पत्रांनंतर जीवन संपवले, असे दोन मातांनी आयोगापुढे साक्षीत सांगितले. त्यांच्यापुढे कोणताही ताळेबंद मांडता येत नाही.

जबाबदार व्यक्तींना शिक्षा झाली का?

आतापर्यंत कोणालाही फौजदारी शिक्षा झालेली नाही. आयोगाने 57 शिफारशी केल्या आणि काही व्यक्तींची नावे अहवालाच्या एका मोहोरबंद भागात पुढील कारवाईसाठी कळवली. सप्टेंबर 2024 मध्ये लोकसेवा आयुक्तांनी दोन माजी विभागसचिवांसह 12 अधिकाऱ्यांनी आचारसंहितेचा 97 वेळा भंग केल्याचे जाहीर केले. त्यांतले अनेक तोवर सेवेतून बाहेर पडले होते. राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी आयोगाने जून 2024 मध्ये चौकशीस नकार दिला होता, पण त्या निर्णयप्रक्रियेवरच या आयोगावर देखरेख ठेवणाऱ्या निरीक्षकांनी ठपका ठेवल्यावर फेरविचार होऊन फेब्रुवारी 2025 मध्ये चौकशी करण्याचे ठरले.

म्हणजे लाभ घेताना फसवणूक होतच नाही, असे म्हणायचे आहे का?

मुळीच नाही. खोटी कागदपत्रे देऊन लाभ घेणारे सर्व देशांत असतात आणि त्यांच्यावर कारवाई व्हायला हवी, कारण तो पैसा दुसऱ्या गरजू माणसाच्या वाट्याचा असतो. पण तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या जातात: जाणूनबुजून केलेली फसवणूक, अर्जदाराची अनवधानाने झालेली चूक आणि यंत्रणेने स्वतःच्या गफलतीने जास्त दिलेली रक्कम. पहिलीसाठी हेतू सिद्ध करावा लागतो आणि त्याला मेहनती तपास लागतो. रोबोडेटने या तिन्हींखेरीज चौथाच प्रकार निर्माण केला, तो म्हणजे जास्त रक्कम दिलीच गेली नव्हती तरी लावलेली थकबाकी. आणि मंत्र्यांच्या भाषणांत तिचा उल्लेख पहिल्या प्रकारच्या शब्दांत होत राहिला.

दोष संगणकाचा होता का?

नाही. वर्षाचा आकडा 26 ने भागणे हे तिसरी-चौथीच्या मुलाचे गणित आहे. भागाकार बरोबर होता. तो पुरावा म्हणून चालेल, हे माणसांनी ठरवले होते.

असे अन्य कोणत्या देशात घडले आहे का?

नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदान घेणाऱ्या हजारो पालकांना करखात्याने फसवे ठरवून पूर्ण रक्कम परत मागितली, कधी कधी एखादी सही राहिली एवढ्या कारणावरून. त्यांत परदेशी मुळाची कुटुंबे मोठ्या संख्येने होती. या प्रकरणावरून 15 जानेवारी 2021 रोजी मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

महाराष्ट्रातील पडताळणीची याच्याशी तुलना करता येईल का?

अंशतः येईल, पण फरक आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना 28 जून 2024 च्या शासन निर्णयाने सुरू झाली. वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील 21 ते 65 वयाच्या महिलांना दरमहा 1,500 रुपये द्यायचे ठरले, आणि पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असल्यास उत्पन्नाच्या दाखल्याची अट शिथिल केली गेली. अर्ज वेगाने मंजूर झाले, छाननी मागाहून आली. फेब्रुवारी 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी 5 लाख महिला अपात्र ठरल्याचे सांगितले, आणि त्यांना दिलेली रक्कम परत घेतली जाणार नाही, असेही स्पष्ट केले. जुलै 2025 मध्ये 26.34 लाख लाभार्थ्यांचा लाभ तात्पुरता स्थगित केल्याचे जाहीर झाले. पुरुषांनीही लाभ घेतल्याची प्रकरणे त्याच छाननीत उघड झाली. मागची रक्कम सरसकट न मागण्याचा हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण 1,500 रुपये हातात पडले की ते किराणा, औषध आणि शाळेच्या वह्यांत खर्च होतात. ते दोन वर्षांनी परत मागणे म्हणजे नवे कर्ज लादणे होय.

साम्य दिसते ते पुराव्याच्या ओझ्यात. सप्टेंबर 2025 पासून ई-केवायसी सक्तीची झाली आणि तीत लाभार्थी महिलेबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. पती आणि वडील दोघेही हयात नसलेल्या किंवा घटस्फोट झालेल्या बाईने ओटीपी कोणाच्या फोनवर मागवायचा, याचे उत्तर त्या रचनेत नव्हते. नंतर मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली गेली आणि अशा महिलांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रे सादर करावीत, अशी सोय झाली. सोय झाली हे चांगलेच. पण तो दाखला काढण्यासाठी बुडालेला रोज आणि तालुक्याच्या एसटीचे तिकीट हा पडताळणीचा खर्च त्या बाईनेच भरला.

पीएम-किसानच्या वसुलीचे काय?

प्राप्तिकर भरणाऱ्या शेतकऱ्यांना तहसील कार्यालयांमार्फत वसुलीच्या नोटिसा गेल्या, तीही करखात्याच्या माहितीशी केलेली जुळवणीच होती. मात्र तेथे प्रश्न ‘हा माणूस करदाता आहे की नाही’ एवढाच होता, आणि त्याचे उत्तर करखात्याच्या नोंदीत थेट असते. कोणत्या पंधरवड्यात किती कमावले, याचे उत्तर त्या नोंदीत नसते. जुळवणी चालेल की नाही हे ठरवताना हा फरक तपासावा: जे विचारायचे आहे ते त्या नोंदीत खरोखर लिहिलेले आहे का, की आपण ते तिच्यातून ओढून काढत आहोत?

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला आज थकबाकीचे पत्र आले तर काय करावे?

पत्रावरची तारीख पाहून लगेच लेखी उत्तर द्यावे आणि आकडा कशावरून काढला, कोणत्या पंधरवड्यांचा काढला, याचा हिशेब मागावा. निर्णय पटला नाही तर आधी खात्यांतर्गत फेरतपासणी मागता येते, आणि तीही प्रतिकूल गेल्यास 14 ऑक्टोबर 2024 पासून कार्यरत असलेल्या प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाकडे जाता येते. राज्यांच्या विधी साहाय्य संस्था आणि सामुदायिक विधी केंद्रे यासाठी मोफत सल्ला देतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या नावे पत्र आले असेल तर दुभाषी मागण्याचा त्यांना हक्क आहे. मुलांनी घाईने त्यांच्या वतीने फोनवर ‘हो, भरतो’ असे म्हणण्याआधी तो जरूर वापरावा.